रेघ न मारलेले ठोकळे

शालन,

तू गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाला कोरेगाव पार्कातले ते गॅलरीवाले आले होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, चेहऱ्यावर योग्य तेवढं दुःख. तू त्यांना ‘सरकार’ म्हणायचीस, त्यामुळे मलाही दुसरं नाव सुचत नाही. वंदना संपेपर्यंत ते मागच्या रांगेत डोळे मिटून बसले आणि चहा आल्यावर तुझ्या प्रज्ञाजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, “आता आईंच्या कामाकडे आपण गांभीर्यानं पाहायला हवं.” मी शेजारीच होते. इतकी वर्षं ते कसं पाहत होते, हे विचारायचा मोह मी आवरला. प्रसंग तुझा होता.

गांभीर्य म्हणजे काय ते त्याच आठवड्यात कळलं. सरकारांचा प्रस्ताव असा, की तुझ्या गाळ्यात शिल्लक असलेली सगळी छापाचित्रं ते एकरकमी घेणार. रक्कम ऐकल्यावर मी प्रज्ञाला ती पुन्हा सांगायला लावली. अट एकच. तुझे ठोकळे, म्हणजे ज्यांच्यावर चित्र कोरून, शाई फिरवून तू छाप काढायचीस ते सगळे, त्यांच्यासमोर रद्द करायचे. रद्द म्हणजे कोरणीनं प्रत्येकावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक खोल रेघ मारायची. पुन्हा कुणी त्यावरून छापलंच तर चित्राच्या तोंडावर काट मारलेली दिसणार. त्यांच्या धंद्यातली ही जुनी, सभ्य रीत आहे. चित्रं मोजकी राहिली की भाव चढतो, आणि ती मोजकीच राहतील याची हमी ही रेघ देते. तू आता नवीन काही कोरणार नाहीस, ही अर्धी हमी तू त्यांना आपणहून दिलीच होतीस.

प्रज्ञाला रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तुला माहीतच आहे, ती दिवसभर खराडीच्या ऑफिसात बसून परदेशी बँकांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करते आणि तिथंच जवळ घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते भरते. एका संध्याकाळी माझ्याकडे आली. “मावशी, मी काय करू?” मी काय सांगितलं ते तुला आवडणार नाही. मी म्हटलं, “पैसे घे. तत्त्व तुझ्या आईचं होतं. हप्ते तुझे आहेत.” ती काही बोलली नाही. तुझी मुलगी गप्प बसली की हुबेहूब तुझ्यासारखी दिसते आणि माझी पंचाईत होते. तुझ्या गप्प बसण्याशी मी वीस वर्षं वाद घातला आणि एकदाही जिंकले नाही.

आपली ओळखही सरकारांमुळेच झाली. पुण्यात तेव्हा नवा पैसा येऊ लागला होता. ज्या घरांत पोस्टाच्या बचतीपलीकडे कुणी बोललं नव्हतं, तिथं शेअरच्या गप्पा सुरू झाल्या, नवे सोफे आले, आणि सोफे आल्यामुळे त्यांच्या मागच्या भिंती एकदम रिकाम्या दिसायला लागल्या. मी कॉलेजात मराठी शिकवायचे आणि गॅलऱ्यांसाठी चित्रकारांवर मजकूर लिहून द्यायचे. तुझं पहिलं प्रदर्शन व्हायचं होतं. तुझ्याबद्दल मी लिहिलं होतं, की रेषेच्या मौनातून अवकाश स्वतःलाच प्रश्न विचारतो. ते छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. “मी शालन. महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवते. तुम्ही लिहिलेलं वाचलं. चांगलं आहे. कुणाबद्दल आहे?”

त्या क्षणी मला राग यायला हवा होता. आलं ते हसू. त्यानंतर मी जे काही लिहिलं ते छापायला देण्याआधी तुझ्या आवाजात मोठ्यानं वाचून पाहिलं. जे वाचताना लाज वाटली ते काढून टाकलं. माझं लिखाण त्यामुळे बरंच आखूड झालं आणि गॅलऱ्यांकडून येणारी कामं बंद झाली. दोन्हींबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आपण पहिल्यांदा भेटलो. चित्रांच्या यादीत किमती नव्हत्या. ‘विचारल्यास सांगण्यात येईल’ असं छापलं होतं. तू सरकारांना विचारलंस की भाव ठरतो कसा. ते म्हणाले, चौरस इंचावर, आणि मग नावाप्रमाणे. तू म्हणालीस, “म्हणजे मी आभाळ मोठं ठेवलं तर आभाळाचेही पैसे?” “अर्थात.” “पण आभाळात मी काहीच केलेलं नाही.” सरकारांना हा विनोद वाटला. तुला तो हिशेब खरोखरच कळला नव्हता, आणि शेवटपर्यंत कळला नाही.

मग ते लाल ठिपके. विकल्या गेलेल्या चित्राखाली चिकटवायचे. दारं उघडायच्या आधीच तुझ्या चार चित्रांखाली ते होते. कुणी घेतली म्हणून विचारलंस तर सरकार म्हणाले, “कुणी नाही अजून. पण सुरुवात झाल्यासारखी दिसावी लागते.” तू त्यातला एक ठिपका नखानं सोडवलास, कपाळाला लावलास आणि संध्याकाळभर तशीच फिरलीस. एका बाईंनी त्या टिकलीचं कौतुकही केलं. माझ्याजवळ येऊन तू हळूच म्हणालीस, “चला, मी तरी खपले.”

हसलो आपण तेव्हा. पण त्याच संध्याकाळी तुझी आई आली होती, तिच्या दवाखान्यातल्या दोन नर्स मैत्रिणींना घेऊन. टेबलापाशी बसलेल्या मुलीनं त्यांच्या चपलांपासून वरपर्यंत पाहिलं आणि इंग्रजीतून काहीतरी सांगितलं. मग आईनं तुलाच विचारलं, “शालू, ते गच्चीवरच्या टाकीचं केवढ्याला?” तू आकडा सांगितलास. आईनं पर्सची चेन लावली. “छान आहे गं. मोठ्या लोकांसाठी छान आहे.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं तू मला नंतर म्हणालीस. टोमण्याला उत्तर देता येतं.

तुझं उत्तर महिन्याभरानं मंडईच्या बाहेर, कोथिंबीर विकणाऱ्या आक्कांच्या शेजारी, एका घडीच्या टेबलावर मांडलेलं मी पाहिलं. रविवारची सकाळ. तीच चित्रं, साध्या जाड कागदावर छापलेली, खाली पेन्सिलनं सही. पाण्याच्या टाक्या, स्कूटरवर पदर सावरून मागं बसलेली बाई, कुकरच्या शिटीकडे बघणारं मांजर. आक्का आपल्या जुड्यांवर पाणी मारायच्या आणि अर्धं तुझ्या मांजरावर उडायचं. “आक्का, कागद आहे हो.” “मग उद्या आण की. तुझं काय सुकतंय? माझं आजच जायला पाहिजे.”

भाव ठरवायची तुझी पद्धत तर सगळ्या पुण्याला वेड लावणारी होती. टेबल मांडायच्या आधी तू पलीकडच्या किराणा दुकानात जाऊन किलोभर तूरडाळीचा भाव विचारून यायचीस. त्या दिवशीचं चित्र त्या भावात. “ज्या घरात महिन्याला तूरडाळ येते त्या घरात माझं चित्र येऊ शकतं. विचार करून येईल, पण येईल.” डाळ कडाडली त्या वर्षी एक सदाशिव पेठी गृहस्थ छत्री टेकवून उभे राहिले. “डाळ महागली म्हणून चित्र महाग? चित्राला काय डाळ लागते?”

“चित्र काढणारीला लागते,” तू म्हणालीस.

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि स्कूटरवरची बाई विकत घेतली.

लोकांनी त्या चित्रांचं काय केलं, हा आपल्यातला वेगळा विषय होता. पुण्यातल्या मध्यमवर्गाला कागदाची एखादी वस्तू मौल्यवान वाटली की तो तिचं लॅमिनेशन करतो. मार्कशीट, जातीचा दाखला, आणि आता तू. बिबवेवाडीत एका घरी तुझं मांजर चकचकीत प्लास्टिकमध्ये, फ्रीजच्या वर, बुद्धमूर्तीच्या शेजारी टांगलेलं पाहून मी हळहळले. छापाचित्राचा सगळा जीव त्या कागदाच्या पोतात असतो, शाईच्या उंचवट्यात असतो, तो मेला असं म्हणाले. तू त्या घरच्या बाईंना विचारलंस, “पुसता येतं का?” त्या म्हणाल्या, “फोडणीचं तेल उडतं ना, ओल्या फडक्यानं साफ होतं.” तू माझ्याकडे वळून म्हणालीस, “बघा लेखिकाबाई. तुमच्या पोताला फोडणी सोसली नसती.”

मग खराडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मंडईत तुझ्यासमोर एक नवी जात येऊन उभी राहू लागली, गळ्यात ओळखपत्र विसरलेली. त्यातल्या एकानं विचारलं होतं, “मॅडम, इन्व्हेस्टमेंट म्हणून कसं आहे?”

“बेकार आहे. तुम्ही घेतल्यावर मी आणखी छापणार.”

“मग एक्सक्लुझिव्ह काय राहिलं?”

“तुमची भिंत.”

तो तीन घेऊन गेला. प्रज्ञा तेव्हा शाळेत होती. पुढे तीही तसंच ओळखपत्र घालून बसमध्ये बसू लागली आणि तू ‘कंपनीच्या बसमध्ये झोपलेली मुलगी’ कोरलंस. खिडकीच्या काचेला टेकलेलं डोकं, उघडं राहिलेलं तोंड. प्रज्ञा चिडली होती. “आई, निदान तोंड तरी बंद करायचंस.” तू म्हणालीस, “तू बंद केलं असतंस तर मीही केलं असतं.”

आता तो वाद. तो मी इथं पुन्हा काढणार, तुझी हरकत असली तरी. छापाचित्रावर आकडा घालायची पद्धत आहे, पंचवीसपैकी तिसरं, पन्नासपैकी अकरावं. तू कधी घातला नाहीस. मी म्हणायचे, घाल, त्याशिवाय तुला कुणी चित्रकार म्हणून मोजणार नाही. तू माझ्या कपाटाकडे बोट करायचीस. “यातलं कुठलं पुस्तक पंचवीसपैकी तिसरं आहे? दहावी आवृत्ती वाचताना तुला कमी रडू येतं का?” हे बिनतोड होतं, आणि मला बिनतोड गोष्टींचा संशय येतो. मग तुझ्याबरोबर चित्रकला शिकलेला एक मित्र मंडईत येऊन तुझ्यावर उखडला. तू डाळीच्या भावात विकतेस, उद्या गिऱ्हाईक मलाही तोच भाव सांगेल, मी घर कशावर चालवू. तो चुकीचं बोलत नव्हता. मी तुझ्या स्वयंपाकघरात तुला म्हटलं, “तुला पगार आहे शालन. तत्त्व तुला परवडतं. त्याला नाही.”

तू भाकरी थापत होतीस. थापत राहिलीस. त्यावर तू तेव्हा बोलली नाहीस, नंतरही नाही. मी कितीदा तरी वेगवेगळ्या वाटेनं तिथं आले आणि तू दर वेळी चहा टाकलास. तुझ्याकडे उत्तर नव्हतं, की माझी दया आली होती, हे मला अजून कळलेलं नाही. गॅलरीचा भाव हे ढोंग आहे, हे मला तुझ्याइतकंच पटलेलं होतं. पण ढोंग काढून टाकल्यावर चित्रकारानं जेवायचं कसं, हा प्रश्न तूरडाळीनं सुटतो असं मला वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. हे तुला एकदा तरी शांतपणे ऐकवायचं होतं. आता तू ऐकून घेशील.

शेवटच्या वर्षात तुझा हात थरथरायला लागला. कोरणं बंद झालं. शनिवारी प्रज्ञा छापायची आणि तू स्टुलावर बसून हुकूम सोडायचीस. तुमच्याकडे कधी यंत्र नव्हतंच. शाई लावलेल्या ठोकळ्यावर कागद ठेवून वरून भातवाढणीच्या पाठीनं घासायचं. “दाब सगळीकडे सारखा दे. पोळीची कड जाड ठेवतेस तशी नको ठेवू.” “पोळी तू शिकवलीस.” “म्हणून तर सांगतेय.” छाप सुटला की तू वाकडीतिकडी सही करायचीस. त्या सगळ्या सह्या आता सरकारांच्या हिशेबात अस्सल आहेत. हात प्रज्ञाचा, सही तुझी, तर चित्र तुझं. तोच हात, तोच ठोकळा, तीच शाई, पण सही करायला तू नाहीस, तर तो नुसता कागद. हे मी कितीही वेळा स्वतःला समजावलं तरी समजत नाही, आणि मी पूर्वी याच लोकांसाठी समजावून सांगणारे लेख लिहीत असे.

रविवारी सरकार बिबवेवाडीला आले. तुझा तो गाळा, एका बाजूला इस्त्रीवाले, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. ओल्या शाईवर पीठ बसून पांढरे ठिपके येतात, आणि त्यांना सरकारांनी एकदा ‘टेक्स्चर’ म्हटलं होतं. प्रज्ञानं सगळे ठोकळे जमिनीवर मांडून ठेवले होते. सरकारांनी कोरणी आणली होती. नवी, मखमली पेटीत. मला वाटलं, आता ती हो म्हणणार. मीच तर सांगितलं होतं. आणि मग जमिनीवर ती सगळी चित्रं तोंडं वर करून पडलेली पाहिली. झोपलेल्या मुलीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत रेघ कशी दिसेल, हे मला न बघताच दिसलं.

“ताई, भावना मी समजू शकतो,” सरकार म्हणाले. “पण आईंचं स्थान पक्कं करायची हीच वेळ आहे.”

“कुठलं स्थान?”

“मोठ्या संग्रहांत. मोठ्या घरांत.”

“ती लहान घरांत आहे. पुष्कळ.”

“तीच तर अडचण आहे,” ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. “किती छापलीत याचा आकडाच नाही. गिऱ्हाईकाला मी काय सांगू?”

“चित्र दाखवा,” मी म्हणाले. माझा सल्ला कुणी विचारला नव्हता, आणि आदला सल्ला याच्या उलटा होता.

प्रज्ञा माझ्याकडे बघून म्हणाली, “मावशी, तू आईला म्हणायचीस ना, तिला पगार आहे म्हणून तत्त्व परवडतं?”

“हो. आणि ते खरं होतं.”

“मग मलाही आहे की पगार. सध्या तरी.” मग सरकारांकडे वळून, ऑफिसात बोलते तशा आवाजात, “सर, नोकरी गेली तर मी तुम्हाला फोन करीन. तोवर हे असेच राहतील.”

एवढंच. भाषण नाही, तुझं नाव नाही. सरकारांनी पेटी बंद केली. माणूस वाईट नाही, शालन. चहा प्यायले, आणि जाताना तुझं मांजर उचलून म्हणाले, “हे एक घरी लावायला हवं होतं.” प्रज्ञानं डाळीचा भाव सांगितला. त्यांनी तो दिला आणि कमी करा म्हणाले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

तुझं उत्तर मला अशा रीतीनं मिळालं, पण ते तू दिलेलं नाही. प्रज्ञानं तिचं दिलं. तुझं वेगळं असेल कदाचित, आणि ते माझं येणं म्हणून राहिलेलं आहे. शिवाय तुझ्या त्या मित्राचा प्रश्न तसाच आहे. त्याला ‘सध्या तरी’चाही पगार नाही. मी तो प्रश्न सोडणार नाही. आता प्रज्ञाशी भांडेन.

परवा आम्ही दोघी मंडईत टेबल मांडून बसलो. आक्कांच्या सुनेनं जागा धरून ठेवली होती. प्रज्ञानं झोपलेल्या मुलीचे नवे छाप काढले होते, बिनसहीचे. खाली काहीतरी शिक्का तरी मार, असं मी सुचवलं होतं. तिनं ऐकलं नाही. त्या गठ्ठ्यात तू स्वतः काढलेला, सही केलेला एक जुना छापही होता, चुकून राहिलेला. मला तो बाजूला काढायचा होता, पण तेवढ्यात सातारा रोडच्या एक बाई आल्या, हातात भाजीची पिशवी, घाई.

“नेहमीच्या बाई कुठायत?”

“आई गेली,” प्रज्ञा म्हणाली.

बाई थांबल्या. पिशवी खाली ठेवली. “अरेरे. शाळेत होत्या ना? आमच्याकडे त्यांची टाकी आहे.” मग गठ्ठ्यातला वरचा छाप बघून, “आमची धाकटी अश्शीच झोपते बसमध्ये. तोंड उघडं टाकून. दाखवा बरं.”

आणि त्या वांगी निवडतात तशा निवडायला लागल्या. एकेक छाप उजेडात धरायचा, तिरपा करायचा, ठेवून द्यायचा. हा फिक्का आहे. याच्यात खिडकीपाशी शाई कमी पडलीय. सहीचा एकही प्रश्न नाही. तुझा छाप त्यांच्या हातात आला. त्यांनी तोही उजेडात धरला, जरा जास्तच वेळ, आणि बाकीच्यांवर ठेवून दिला. मग प्रज्ञानं काढलेला एक उचलला. “हा द्या. याचा काळा चांगला आहे.”

प्रज्ञानं तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

तुला राग आला नसता, शालन, हे मला माहीत आहे. पण थोडा आला असता तर मला आवडलं असतं.